आठ पोती, नऊ मापं

वन्सं, तुमच्या कॉम्प्युटरवर आत्याबाईंनी तुमची ती जुनी निळी साडी दुहेरी घडी करून टाकली होती. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, सतरंज्या झटकून माळ्यावर गेल्या, पण त्या साडीला कुणी हात लावत नव्हतं. ती काल निघाली. कशी निघाली ते सांगतेच, पण त्याआधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे.

भेटायला येणारे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. कुणी म्हणालं शांत होती, कुणी म्हणालं सोशिक होती. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला दुःखातसुद्धा हसू यायला लागलं. तुम्ही आणि सोशिक! भाजीवालीच्या तराजूपासून रेडिओवरच्या हवामानाच्या बातमीपर्यंत कशालाही मान न डोलावणारी बाई गेल्याबरोबर सोशिक झाली. तुम्ही तिथं असतात तर उठून सगळ्यांना दुरुस्त केलं असतं. मी गप्प बसले, कारण आत्याबाईंना ते ऐकून बरं वाटत होतं.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही औरंगाबादला नोकरीत होतात. सोनपेठच्या शेतकऱ्याची मुलगी, गणितात बी.एस्सी. झालेली, परभणीत मास्तरांच्या घरी दिली, एवढीच माझी ओळख होती. गणित लग्नाच्या रुखवतासारखं एकदा दाखवून झालं होतं आणि आता फळीवर गेलं होतं. मग एक दिवस तुम्ही टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन उतरलात, नोकरी सोडून. मधल्या खोलीतलं शिलाई मशीन पडवीत गेलं आणि त्या जागी तुमचं टेबल आलं. आत्याबाईंनी त्या पेटीला चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर काय शिवायचंय?" तुम्ही म्हणालात, "पोट शिवायचंय आई, माझं माझं."

मी चहा घेऊन आले की तुम्ही कप घ्यायचात आणि मला जाऊ द्यायचा नाहीत. "बस. हे बघ काय करायलेय." मी म्हणायचे, भाजी टाकलीय चुलीवर. तुम्ही म्हणायचात, "भाजी कुठं पळून जायली का?" अशा किती भाज्या लागल्या, त्याचं खापर माझ्यावर फुटलं, आणि एकदाही तुम्ही पुढं होऊन ते आपल्या अंगावर घेतलं नाहीत. हे मी विसरलेले नाही. पण तेवढ्या करपलेल्या भाज्यांत मी कॉम्प्युटरची सी भाषा शिकले, हेही विसरलेले नाही.

मग ते बियाण्याच्या सोसायटीचं काम आलं, गंगाखेडच्या वाटेवरच्या गोदामाचं. तुमचं परभणीतलं पहिलं मोठं काम. गोदामात बियाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि बियाणं ओलसर राहिलं की थप्पी आतून तापते. वरून काही कळत नाही, आणि पेरल्यावर कळतं तेव्हा वावरात काहीच उगवलेलं नसतं. म्हणून तुम्ही प्रत्येक थप्पीत एक लोखंडी नळी खुपसली. नळीच्या टोकाला उष्णता ओळखणारा एक बारका तुकडा, तिथून तार ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत. आठ थप्प्या, आठ नळ्या. कुठलीही थप्पी ठरावीक मर्यादेच्या वर तापली की घंटा वाजायची. पोत्यातली गरमी कॉम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत आणून देणारा मधला दुभाषा जो असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो तुम्ही स्वतः लिहिलात. आत्याबाईंनी शेजारणीला अभिमानानं सांगितलं, "आमची विमल ड्रायव्हर लिहायलीय." शेजारीण म्हणाली, "बाई गं! आणि लायसन?"

मला त्या कामात पहिली अडचण आली ती मोजण्याची. आठ थप्प्यांचे आकडे ठेवायला प्रोग्रामात आठ घरांची एक ओळ केलेली, ते समजलं. पण पहिल्या घराचा नंबर शून्य का, हे काही केल्या डोक्यात शिरेना. तुम्ही म्हणालात, "अगं, तुमच्या सोनपेठला धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतेत ना? एक न्हाई म्हणत. तसंच हे. शून्य म्हणजे कॉम्प्युटरचा लाभ." मला ते एकदम पटलं. माझ्या वडिलांच्या खळ्यावरचा शब्द तुमच्या कॉम्प्युटरात निघाला, याचाच मला इतका आनंद झाला की मी पुढं काही विचारलंच नाही. त्या दिवसापासून आपण दोघी शून्याला लाभ म्हणायला लागलो.

मशीन बसलं आणि महिनाभरात घंटा खामखा वाजायला लागली. थप्प्या गार, आणि घंटा सुरू. गोदाम सांभाळणारे किसनराव घरी आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "बाई, ही घंटी हाय का देवळातली? दर्शनाला कुणीबी न्हाई आन् वाजायली लय." तुम्ही तारा तपासल्या. उंदरांनी कुरतडलं असेल म्हणून सगळी वायर पाइपात घातली. तारा कॉम्प्युटरला जोडणारं, पुण्याहून आणलेलं कार्ड बदलून बघितलं. कधी आठवडाभर शांत राहायचं आणि आपण म्हणायचो झालं, की पुन्हा सुरू. तुमचा चहा कपातच गार व्हायला लागला.

पण खरा घोर लागला तो एका मोठ्या पावसानंतर. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून परभणी बंद होती आणि एसटी हलत नव्हती. किसनरावांनी कुणाच्या तरी सायकलवर निरोप धाडला, आणि आपण दोघी तुमच्या लुनावर गेलो. मी मागं बसलेले, पदर खोचून. वाटेत तुम्ही मला विचारलंत, "तुझा भाऊ तिकडं विरोधाच्या मोर्चात हाय म्हणं?" मी म्हणाले, हाय. तुम्ही म्हणालात, "नाव बदललं तर तुझ्या डिग्रीतली बेरीज चुकणार हाय का गं?" मी नुसता पदर पुन्हा खोचला. माहेरचा विषय आणि तुम्ही, दोन्हीपैकी काय सोडावं ते मला कळत नव्हतं. यंदा नाव दिलं गेलं तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या होतात. पेपरातली ती बातमी तुम्ही ह्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलीत. मी पायाशी बसले होते. मी तुमच्याच बाजूची आहे, त्या लुनावरसुद्धा होते, हे तेव्हा सांगायचं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले आणि ते राहूनच गेलं.

गोदामात गेलो तर किसनराव दारातच उभे. पत्र्यातून पाणी गळून कोपऱ्यातली थप्पी भिजली होती. त्यांनी पोत्यांच्या फटीत हात घातला होता म्हणून कळलं. "घाला हात. चुलीत घातल्यावानी हाय," ते म्हणाले. मी घातला आणि झटकन काढला. आणि घंटा? घंटा चिडीचूप. नको तेव्हा बोंबलणारी ती बया नेमकी त्या दिवशी तोंडात मूग गिळून बसली होती. थप्पी वेळेवर उपसली, अंगणात ताडपत्रीवर पसरली, बियाणं वाचलं. पण ते किसनरावांच्या हातानं वाचलं होतं, आपल्या मशीननं नाही, हे सोसायटीच्या चेअरमननी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि पुढच्या मीटिंगपर्यंत नीट झालं नाही तर हे सगळं उचलून न्या, असंही सांगितलं.

परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "न्हाई जमलं तर पुण्याची कार्डवाली कंपनी नोकरीला बोलवायलीच हाय." मागच्या सीटवर मी तुमचा खांदा घट्ट धरला. वन्सं, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का मला माहीत नाही. तुम्ही गेला असतात तर कॉम्प्युटर तुमच्याबरोबर गेला असता, शिलाई मशीन पडवीतून परत आत आलं असतं, आणि त्या टेबलापाशी बसायची माझी मुभाही गेली असती. घरात मला कुणी अडवत नव्हतं ते तुमच्यामुळं. "वन्संनी बोलावलंय" हा माझा पास होता. मला त्या गोदामापेक्षा त्या खुर्चीचीच जास्त फिकीर लागली होती, आणि हे मी ह्यांनासुद्धा बोलले नाही.

त्यानंतरच्या रविवारी माझ्या माहेराहून ज्वारी आली. मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसून पायलीनं मोजून कोठीत टाकत होते. तुम्ही टेबलापाशी, प्रोग्रामचा कागद हातात, बोट ओळीवर ठेवून पुटपुटत होतात. मी मोजत होते, "लाभ, दोन, तीन." तुम्ही मोजत होतात, "लाभ, एक, दोन, तीन." दोन्ही मोजणी एकमेकींत मिसळायला लागली आणि माझी चुकली. मी पायली खाली ठेवली.

मी म्हणाले, "वन्सं, लाभ झाल्यावर एक न्हाई येत."

"आँ?"

"लाभ म्हणजेच एक. त्याच्यामागून दोन. आमच्यात लाभ, एक असं कुणी म्हणलं तर बाप पायली काढून घेतो हातातली. एक माप जास्तीचं जातं ना."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि मला वाटलं आता बोलणी बसणार. नणंदेला चुकलं म्हणणं काही साधं नाही, आणि तेही तिनंच शिकवलेल्या विद्येत. पण तोंडातून शब्द गेला होता. मग मी उठले, ज्वारीच्या हातानंच कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, लाभपासून सुरू करून मग एक, दोन करत तुमी आठपर्यंत जायल्या. लाभ धरून नऊ होतेत. पोती आठ, मापं नऊ."

तुम्ही बोटांवर एकदा मोजून बघितलंत. मग कागद खाली ठेवलात आणि मांडीवर अशी थाप मारलीत की आत्याबाई आतून धावत आल्या. "विमल, काय झालं? विंचू चावला का?" तुम्ही हसत होतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतात, आणि आत्याबाईंना काही केल्या सांगता येत नव्हतं की हसताय कशाला.

मग तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत. आधी तुम्ही एकपासून आठपर्यंतच मोजलं होतं. कार्डाची मोजणी शून्यापासून असते हे कळल्यावर सुरुवात तेवढी बदललीत, शेवट तसाच राहिला. शून्याला लाभ म्हणायचं ठरलं आणि मग ते वाचायला इतकं गोड लागायला लागलं की नजर तिथून घसरूनच जायची. आता हे नववं माप जायचं कुठं? मी विचारलं. तुम्ही खडूनं फरशीवरच आठ घरं काढलीत आणि त्याला लागून एक नववं. त्या नवव्या घरात घंटेची मर्यादा बसलेली होती. कार्डावरचं नववं सॉकेट रिकामं, त्याला नळीच नाही, ते हवेतलं काहीबाही वाचायचं आणि तो भलताच आकडा शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसायचा, मर्यादेला हुसकून. आकडा लहान निघाला की गार थप्पीही मर्यादेबाहेर, घंटा सुरू. आकडा मोठा निघाला की थप्पी पेटली तरी घंटा गप्प. "आणि कॉम्प्युटर काहीच म्हणला न्हाई?" मी विचारलं. "ही भाषा हात धरत न्हाई गं," तुम्ही म्हणालात. "नवव्या घरात टाक म्हणलं की टाकते."

दुरुस्ती काय केली? एक बरोबरचं चिन्ह पुसलं. आठपर्यंत जायचं होतं ते आठच्या आत, सातवर, थांबायला लागलं. एवढ्यासाठी आपण उंदरांना शिव्या दिल्या होत्या.

तिथूनच आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलंच नाही. मी म्हणायचे, जी भाषा आपल्याला चुकू देते ती काय कामाची, दुसरी घ्या, घराबाहेर पाय पडला की ओरडणारी. तुम्ही म्हणायचात, "कुसुम, आपल्या घरात सगळेच हात धरतेत. एक तरी न धरणारं असू दे." मी म्हणायचे, आणि पोती तापली मग? तुम्ही म्हणायचात, "मग आपण बघू ना. आपल्याला डोळे कशाला दिलेत?" दवाखान्यातसुद्धा आपण यावरून वाद घातला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं नणंद-भावजय वाटणीवरून भांडायल्या. मला अजून तुमचं पटलेलं नाही. तुम्ही मात्र उत्तर ऐकायच्या आधीच उठून गेलात, ही तुमची जुनी सवय.

पण मी खरी ऋणी आहे ती मीटिंगसाठी. चेअरमन, सोसायटीची मंडळी, किसनराव, सगळे गोदामात जमले. तुम्ही एक नळी गरम पाण्याच्या बादलीत बुडवलीत, घंटा वाजली. काढलीत, गप्प झाली. प्रत्येक नळी तशीच दाखवलीत. चेअरमन खूश. त्यांनी विचारलं, "मॅडम, काय बिघाड होता? कार्डात होता का?" हो म्हणून मोकळं होता आलं असतं. कार्ड पुण्याचं, कुणी विचारायला जाणार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "कार्ड शाबूत होतं. चूक माझी होती. सापडली हिला." आणि माझ्या दंडाला धरून मला पुढं केलंत. सगळी पुरुषमंडळी माझ्याकडं बघायला लागली आणि मला पदर कुठं घ्यावा ते सुचेना. चेअरमन म्हणाले, "ह्यांना बी येतं का हे?" तुम्ही म्हणालात, "येतं म्हणूनच सापडली."

घरी आल्यावर तुम्ही तेच वाक्य आत्याबाईंना सांगितलंत, ह्यांना सांगितलंत, जेवताना मामंजींनाही सांगितलंत. चूक माझी, सापडली हिला. मला त्या दिवशी आभार मानायचे होते. सुरुवातही केली होती, तर तुम्ही म्हणालात, "ज्वारी निवडायची राहिली का सगळी? जा." मी गेले. मग ते कायमचंच राहिलं, म्हणून आज मानते. तुम्ही मला नुसतं शिकवलं नाहीत, वन्सं. शिकवणारे पुष्कळ असतात. स्वतःची चूक चारचौघांत हातात घेऊन तिच्यावर मला उभं केलंत, तसं करणारं दुसरं कुणी मी बघितलं नाही.

आता काल काय झालं ते सांगते. किसनराव भेटायला आले. तुमच्या फोटोपुढं बराच वेळ हात जोडून बसले. मग चहा घेता घेता चाचरत म्हणाले, "मृगाच्या आधी नवा माल यायलाय. थप्प्या हालवायच्या, नळ्या नव्यानं लावायच्या. आता ते बघणार कोण? चेअरमन म्हणायलेत पुण्याहून माणूस बोलवावा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी फरशीकडं. पास देणारं माणूसच गेलं, मग आपण कशाच्या जोरावर बोलावं? आतून आत्याबाई आल्या. तुम्ही गेल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या दारापलीकडं येत नव्हत्या. त्या सरळ टेबलापाशी गेल्या, ती निळी साडी उचलली, छातीशी धरली आणि किसनरावांना म्हणाल्या, "पुण्याचा माणूस कशाला? चूक विमलची होती, सापडली हिला. माझ्या विमलनंच सांगितलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बस गं. भाजी मी बघते."

आज सकाळी मी गोदामात गेले, तुमच्या लुनावर, एकटीच. किसनराव एकेक नळी थप्पीत खुपसत होते आणि मी कॉम्प्युटरपाशी आकडा बघून मोठ्यानं सांगत होते. पहिली नळी लागली आणि माझ्या तोंडून सवयीनं "लाभ" गेलं. किसनराव तिकडून ओरडले, "लाभ!" मग दोन. मग तीन. आकडा चुकवायचा नव्हता. आठवी नळी लागली. "आठ," मी म्हणाले. किसनराव हात पुसत वाट बघत उभे राहिले, पुढं काही आहे का म्हणून.

मला वाटत होतं अजून एक माप मोजावं, तुमच्या नावानं. पण मी थांबले, वन्सं. आठवरच थांबले.